नेआण : इस्पितळाच्या वाटेचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेचा वक्ता म्हणजे कोणी प्राध्यापक, कोणी संपादक, निदान पदवीधर तरी असावा, अशी आपल्याकडची रीत आहे. माझी शाळा सातवीलाच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते निजामपुऱ्यातील युनियनच्या कचेरीत, मागांच्या खडखडाटात आणि गावातल्या वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘रोग्याची नेआण’ असे सांगितले. ते जरा घुटमळले. म्हणाले, “म्हणजे रुग्णवाहिकांचा इतिहास ना?” मी म्हटले, “रुग्णवाहिका ज्याच्यासाठी येत नाही, त्या रोग्याच्या वाटेचा इतिहास.”

विषयाची थोडी फोड करून सांगतो. माणूस दोन तऱ्हांनी इस्पितळात जातो. कोणी अपघातात सापडतो, कोणाची छाती एकाएकी दुखू लागते. त्याला भोंगा वाजवीत न्यावे लागते. दुसरा रोगी असा, की त्याची आज काही तातडी दिसत नाही. त्याला ठरल्या दिवशी तपासणीला जावयाचे असते, क्षयाचे औषध आणावयाचे असते, कर्करोगावर किरणांचा शेक घ्यावयाचा असतो, रक्त शुद्ध करून घ्यावयाचे असते. किंवा ती गरोदर बाई असते आणि तिची नवव्या महिन्याची तारीख असते. हा रोगी आज मरत नाही. म्हणून त्याच्या वाटेची काळजी कोणी करीत नाही. पण आजची वाट चुकली म्हणजे आणखी चार दिवसांनी तोच रोगी पहिल्या रांगेत येऊन पडतो. तातडी ही पुष्कळदा चुकलेल्या तारखांतून जन्माला येते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या युनियनचा एक सभासद होता. नाव सांगत नाही; घरची माणसे याच गावात राहतात. मूळचा मुरबाडकडचा. प्रथम कांड्या भरण्याच्या कामाला लागला, मग माग चालवू लागला. पस्तिशी ओलांडली आणि दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास, ठाण्याच्या एका इस्पितळात डायलिसिस. पाळी सकाळी सातची. सरकारी योजनेतून उपचाराला पैसा पडत नव्हता. उपचार फुकट होता. वाट फुकट नव्हती. काम मीटरवर, म्हणजे माग थांबला की मजुरी थांबली. जाण्याला शेअर रिक्षा, येताना अंगात त्राण नसे म्हणून सबंध रिक्षा. कधी वहिनी सोबत, कधी एकटाच.

एका पावसाळ्यात शुक्रवारी रात्री तो मला म्हणाला, “दादा, उद्या अंजूर फाट्याला पाणी भरेल असं दिसतंय.” मी म्हटले, “काळजी करू नकोस. आपल्या ओळखीचा रिक्षावाला सहाला दारात उभा करतो.” शनिवारी पहाटे निरोप आला की एका कारखान्यात कामगारांना आत घेईनात. मी तडक तिकडे गेलो, आणि रिक्षावाल्याला सांगावयाचे राहून गेले. हा माणूस सातपर्यंत दारात वाट पाहत बसला, मग भिजत निघाला, आणि दहाच्या पुढे ठाण्याला पोचला. त्याच्या यंत्रावर दुसरा रोगी होता. “आता मंगळवारी या,” असे सांगण्यात आले. तो घरी आला. सोमवारी रात्री त्याला धाप लागली. शेजाऱ्यांनी १०८ क्रमांकावर फोन केला. गाडी आली, लवकर आली. तिच्यात डॉक्टर होता, प्राणवायू होता. पण इस्पितळाचे दार दिसण्यापूर्वीच सारे आटोपले.

सोमवारी रात्री त्याच्यासाठी लाखो रुपयांची गाडी धावली. शनिवारी सकाळी त्याला रिक्षातली एक जागा पुरली असती.

माझ्याकडून जे घडले त्याचे ओझे माझ्यापाशी आहे. ते मी इतिहासावर लोटीत नाही. परंतु एका माणसाचा जीव दुसऱ्या माणसाच्या लक्षात राहण्या-न राहण्यावर टांगलेला असावा, अशी ही व्यवस्था झाली तरी कशी? इस्पितळ बांधणाऱ्याने, यंत्र आणणाऱ्याने, योजना आखणाऱ्याने घर ते इस्पितळ हे अंतर हिशेबात का धरले नाही? या प्रश्नाने मला वाचावयास लावले. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे रोगी नेण्याचे सर्वांत जुने साधन माणसाचा खांदा. श्रीमंतांना पालखी आणि मेणा. गरिबाला घोंगडीची झोळी आणि तिच्यातून घातलेला बांबू. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आणि शहापूरच्या पाड्यांवर ही झोळी अजून पुराणवस्तू झालेली नाही. पावसाळ्यात वाट तुटली की ती पुन्हा निघते. या झोळीतला एक गुण मात्र विसरू नये. ती वाहणारी माणसे रोग्याला नेत आणि परतही आणीत. नेणे आणि आणणे मिळून एकच काम, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ‘नेआण’ हा आपला शब्दच ते सांगतो.

रुग्णवाहिकेचा जन्म मात्र रणांगणावरचा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत, १७९२ च्या सुमारास, दोमिनिक लारे या लष्करी शस्त्रवैद्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या करून घायाळ सैनिकांना लढाई चालू असतानाच उचलण्याची व्यवस्था केली. तोवर लढाई संपेपर्यंत घायाळ माणूस तसाच पडून राही. ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दाचा मूळ अर्थ गाडी असा नव्हता. सैन्याबरोबर हिंडणारे इस्पितळ, असा होता. लारेचे उपकार मोठे. पण युद्धातून जन्मलेल्या या वाहनाने युद्धाचाच स्वभाव उचलला. रक्त वाहत असेल तर धावावयाचे. ज्याचा आजार वर्षानुवर्षे चालतो, जो झिजत असतो, तो त्याच्या नजरेला येत नाही.

मुंबई इलाख्यातल्या गरिबांची आणि रोग्यांच्या सरकारी गाडीची मोठी गाठ पडली ती प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. सरकारने घरोघर झडत्या घेऊन रोगी सक्तीने इस्पितळात नेण्यास आरंभ केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदाच झाला. गाडी दारात येई, माणूस घेऊन जाई, आणि तो बहुधा परत दिसत नसे. इस्पितळात माणसे मारतात, अशी वदंता उठली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आज आपण त्यांना अडाणी म्हणू. पण त्यांचा अनुभव ध्यानात घ्या. त्यांना माहीत असलेली गाडी ‘ने’ जाणत होती, ‘आण’ जाणत नव्हती. ज्या वाटेने परत येण्याची शाश्वती नाही, त्या वाटेवर माणूस आपल्या पायाने कसा पाऊल टाकील?

त्याच प्लेगात दुसरी एक वाटही दिसली. पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याचे एक दलित पोर प्लेगने आजारी आहे असे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोचते केले. पोर वाचले, बाईंना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मी तीत आणखी एक गोष्ट वाचतो. दवाखाना होता, डॉक्टर होता, औषध होते. तरी ते पोर आणि तो दवाखाना यांच्यामध्ये जी वाट होती, तिची व्यवस्था नव्हती. ती वाट एका पासष्टी ओलांडलेल्या बाईने आपल्या पाठीने भरून काढली.

आमच्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे हेही त्याच साथीत गेले. ९ फेब्रुवारी १८९७ ही त्यांची तारीख. प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ चालवीत असतानाच त्यांना प्लेगने गाठले. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. १० जून १८९० रोजी ती पदरातही पडली. पण त्याच मागण्यांत दुसरी एक होती : कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पुरी मजुरी मिळावी. लोखंड्यांना कळले होते की औषधाची किंमत बाटलीवर लिहिलेली असते तेवढीच नसते. बरे होण्याला लागणाऱ्या दिवसांचीही किंमत असते, आणि ती कामगार भरीत असतो.

आता आपल्या गावाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. भिवंडी मध्येच बाजूला राहिली. पुढे वसई-दिवा मार्ग झाला, ‘भिवंडी रोड’ असे स्थानकाचे नावही लागले. पण मुंबईच्या लोकलसारखी दर पाच मिनिटांची गाडी आपल्या नशिबी आली नाही. आपला भरवसा रस्त्यावर आणि खाडीवरच्या पुलांवर. आणि तो रस्ता कोणासाठी? मागांवरचे कापड, गोदामांतला माल, त्यांची अवजड वाहने आणि त्यांच्यामध्ये अडकलेली रोग्याची रिक्षा. कापडाचा तागा आपल्या गावातून बाहेर कसा जाईल, याचा विचार शंभर लोकांनी केला आहे. माणूस कसा जाईल, याचा विचार ज्याचा त्याने करावयाचा.

मोठी इस्पितळे उभी राहिली ती मुंबईत. जे.जे. १८४५ चे, परळचे के.ई.एम. १९२६ चे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. भिवंडीत आज इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. तरीही दुखणे अवघड झाले की चिठ्ठी ठाण्याची, कळव्याची नाही तर परळची मिळते. ती चिठ्ठी मी शेकडो वेळा हातात घेतली आहे. तिच्यावर रोगाचे नाव असते, विभागाचे नाव असते, तारीख असते. रोगी जाणार कसा, हे लिहावयाला तिच्यावर रकाना नसतो.

स्वातंत्र्यापूर्वी सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये आपल्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि आरोग्यसेवा लोकांच्या होईल तितकी जवळ असावी, ही त्याची दोन मुख्य तत्त्वे. पहिल्या तत्त्वावर पुष्कळ भाषणे झाली. दुसऱ्यातले ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, हे कोसांत मोजावयाचे की गेलेल्या मजुरीत, हे ठरविण्याचे राहून गेले.

कामगारांपुरते पाहिले तर याचे एक चांगले उत्तर राज्य विमा योजनेत होते. कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, मुंबईत १९५४ मध्ये आली. तिचे मर्म दवाखान्यात नाही. आजारी कामगाराला त्याच्या गेलेल्या मजुरीचा भाग रोख मिळतो, क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात अधिक काळ मिळतो, हे तिचे मर्म. दवाखान्यात गेलेला दिवस बुडीत खात्यात जाऊ नये, हे कायद्याने मान्य केले. पण कारखान्यात दहा माणसे असली तर कायदा लागू. आमच्या गावात एकाच छपराखाली चार मालकांच्या नावाने चार-चार, सहा-सहा माग, आणि हजेरीपटावर मोजकी नावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर इकडे वळले. गिरणीतले कापड इकडे आले. गिरणी कामगाराचे विम्याचे कार्ड त्याच्याबरोबर आले नाही. पत्र्याच्या छपराखाली बारा तासांची पाळी करणारा, भिशीत दोन वेळ जेवणारा, घर दूर उत्तरेत ठेवून आलेला माणूस आजारी पडला, म्हणजे त्याला इस्पितळात नेण्यासाठी शेजारच्या मागवाल्यालाच आपली मजुरी सोडावी लागते. एका रोग्यामागे दोन खाडे पडतात.

येथे कोणी विचारील, रोग्याची नेआण करण्यापेक्षा उपचारच जवळ का आणू नये? प्रश्न रास्त आहे, आणि इतिहासात त्याला उत्तर मिळालेले आहे. मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोगावरील संशोधनाचे केंद्र निघाले. तोवर क्षयाचा रोगी दूरच्या आरोग्यधामात महिनोन्महिने ठेवावयाचा, अशी समजूत होती. तेथील डॉक्टरांनी गरीब वस्तीतले काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काहींना घरी ठेवून औषध दिले. आणि १९५९ मध्ये जाहीर केले की घरी, दाटीवाटीत, कमी खाण्यावर राहूनही रोगी जवळपास तितकेच बरे होतात. जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा या निष्कर्षाने बदलली. परंतु त्यात एक अट आलीच : औषध खंडू नये. १९९७ पासून आपल्याकडे देखरेखीखाली औषध देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन गोळ्या घ्यावयाच्या. केंद्र उघडे सकाळी, आणि मागवाला त्या वेळी पाळीवर! जेथे औषध देणारी व्यक्ती वस्तीतच नेमली गेली तेथे रोगी टिकले; जेथे रोग्यानेच यावे म्हटले तेथे वाट पुन्हा लांबली. उपचार जवळ आणला तरी शेवटचा फर्लांग शिल्लक राहतोच.

उपचार रोग्याकडे नेण्याचा दुसरा मोठा प्रयोग १६ जुलै १९९१ रोजी आपल्या मुंबईहूनच निघाला. जीवनरेखा एक्सप्रेस, रुळांवरचे इस्पितळ. ती पहिल्या खेपेस बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या, खलारीला गेली, आणि तेव्हापासून आडबाजूच्या स्थानकांवर उभी राहून मोतीबिंदूच्या, बहिरेपणाच्या, फाटलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया करीत आली आहे. मूळ अर्थाची ‘ॲम्ब्युलन्स’, हिंडणारे इस्पितळ, ती हीच. पण किरणांचे यंत्र असे हिंडविता येत नाही. तेथे लोकांनी तिसरा मार्ग काढला : घरच इस्पितळाजवळ न्यावयाचे. गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत देशभरातले कर्करोगी आणि त्यांचे नातलग उतरतात. किरणांचा उपचार आठवड्यातून पाच-पाच दिवस, काही आठवडे चालतो. रोज कोठून येणार? ज्यांना तेथे जागा मिळत नाही ते परळच्या पदपथावर पथारी पसरतात. मुंबई पाहणाऱ्याला ती गर्दी गरिबीची वाटते. ती वाहनाच्या अभावाचीही गर्दी आहे.

तेव्हा काही उपचार जवळ आणता येतील, काही रोग्यांना जवळ ठेवता येईल. पण जे उरतील त्यांना नेआण हवीच. ती दया म्हणून द्यावयाची की हक्क म्हणून, हा खरा प्रश्न. इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या १९४६ च्या कायद्यात आजारी माणसांसाठी, गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी, जरूर तेथे रुग्णवाहिका ‘आणि इतर वाहने’ पुरविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. या ‘इतर वाहने’ शब्दांत माझा सारा विषय आला. बसून जाऊ शकणाऱ्या रोग्याला साधी मोटार पुरते, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेत गरिबांसाठी १९६५ मध्ये मेडिकेड योजना निघाली. पण टेक्सस राज्य रोग्यांच्या वाहनाची सोय करीना, तेव्हा लोक न्यायालयात गेले, आणि १९७४ मध्ये निकाल मिळाला की उपचार देऊ म्हणणाऱ्या राज्याला तेथपर्यंत पोचण्याची सोयही करावी लागेल. न्यायाधीशाने काही नवे सांगितले नाही. झोळी वाहणाऱ्यांना ते ठाऊक होते.

आपल्याकडेही हा हक्क अगदीच उगवला नाही असे नाही. रेल्वे कर्करोगाच्या, क्षयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि आणखी काही आजारांच्या रोग्यांना उपचारासाठी जाताना भाड्यात मोठी सवलत देते. कोरोनाकाळात इतर अनेक सवलती बंद झाल्या, रोग्यांची राहिली. एस.टी.तही काही आजारांना सवलत आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने तर मोठे पाऊल टाकले : बाळंतिणीला घरून दवाखान्यात, गरज पडल्यास तेथून मोठ्या दवाखान्यात, आणि शेवटी बाळासह घरापर्यंत, तिन्ही प्रवास मोफत. १०२ क्रमांकाची गाडी ती हीच. आमच्या वस्तीतल्या बायकांनी ‘सोडायला पण येते’ हे प्रथम ऐकले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. प्लेगच्या गाडीपासून या गाडीपर्यंत एकशे चौदा वर्षे लागली, तेव्हा कोठे ‘ने’ला ‘आण’ जोडले गेले.

पुढे २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची सेवा आली : ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या साधनांनी सज्ज. तिच्यामुळे असंख्य जीव वाचले. या गाड्यांना रोजच्या नेआणीला जुंपा, असे मी कधीही म्हणणार नाही. तसे केले तर अपघातातला माणूस रस्त्यावर राहील. दोन कामे निराळी, म्हणून दोन व्यवस्था निराळ्या हव्यात. परंतु २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव दिलेल्या आरोग्य योजनेत काय झाले पाहा. मोठमोठ्या शस्त्रक्रिया आणि डायलिसिस तिच्यात मोफत झाले. प्रवासाचे म्हणाल तर तिच्या मूळ नियमांत इस्पितळातून घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले होते. इस्पितळात जाण्याचे नाही. प्लेगची गाडी फक्त नेई. ही योजना फक्त आणी. डायलिसिसचा रोगी वर्षाला १५६ वेळा यंत्रावर जातो, म्हणजे ३१२ वेळा रस्त्यावर येतो. एक भाडे देऊन त्या वाटेचा हिशेब कसा मिटावा?

या अदृश्य वाटेचे महत्त्व २०२० मध्ये एकदम सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लोकल थांबल्या, रिक्षा थांबल्या. इस्पितळे होती, यंत्रे होती, डॉक्टर जिवाची बाजी लावून उभे होते. पण ठरल्या दिवशी जाणारा रोगी घरात अडकला. त्या दिवसांत आमच्या कचेरीचा फोन धान्यासाठी वाजे तितकाच ‘उद्या डायलिसिस आहे, पास कोठे मिळेल?’ यासाठी वाजे. पुढे अत्यावश्यक सेवकांसाठी लोकल सुरू झाल्या. अपंगांना आणि कर्करोग्यांना त्यांत चढण्याची परवानगी मिळाली ती सप्टेंबरमध्ये. इतके महिने त्यांची वाट कोणाच्या ध्यानात आली नाही, याचे कारण ती एरवीही कोणाच्या ध्यानात नव्हती.

तेव्हा करावयाचे काय? मी मोठमोठ्या योजना सांगणार नाही. या रोग्यांचे एक सोपेपण आहे, तिकडे लक्ष वेधतो. अपघात कोठे होईल हे कोणाला सांगता येत नाही. पण डायलिसिसच्या रोग्याचा वार, वेळ, घर आणि इस्पितळ ही चारही वर्षभर आधी ठाऊक असतात. एका गाडीत चार रोगी बसू शकतात. शांतीनगर, निजामपुरा, कामतघर अशी फेरी ठरवून दिली, तर कापडाच्या टेम्पोला जेवढा विचार लागतो तेवढाही तिला लागणार नाही. दुसरे, दूरच्या इस्पितळाची चिठ्ठी देणाऱ्याने ‘कसे जाल?’ हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहावे. तिसरे, रात्रपाळीच्या माणसाला दुपारची वेळ मिळावी. चौथे, आणि हे आमच्या चळवळीचे काम, दवाखान्याच्या दिवसाची मजुरी. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेली गोष्ट मागवाल्याला आजही मागावी लागत आहे. ती मागितल्यावाचून सुटका नाही.

आमच्या कचेरीत आता एक वही आहे. वस्तीतल्या ठरल्या तारखांच्या रोग्यांची नावे, वार आणि वेळ तिच्यात लिहिलेली असतात. गावातले दोन रिक्षावाले आपखुशीने या कामाला बांधले गेले आहेत. निम्मे भाडे रोगी देतो, निम्मे वर्गणीतून जाते. आदल्या रात्री वही उघडून दोघांना फोन करावयाचा, हा नियम आहे, आणि तो एका माणसाच्या आठवणीवर सोडलेला नाही; दोन जणांनी सही केल्याशिवाय वही मिटत नाही. हे काम फार लहान आहे. पावसात कधी रिक्षाच बंद पडते, कधी वर्गणी संपते. नगराचे काम वहीने होत नाही, हे मला कळते. पण वहीने एवढे दाखवून दिले आहे की ते होण्यासारखे आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा रोगी असेल. नसला तरी शेजारी असेलच. त्याला आपण विचारतो, “आता बरं आहे ना?” यापुढे आणखी एक विचारा : “पुढची तारीख कोणती, आणि जाणार कसे?” या प्रश्नाने आमच्या त्या सभासदाचा शनिवार वाचला असता. आणि हाच प्रश्न आपण सर्वांनी मिळून महापालिकेला आणि सरकारला विचारला, तर पुढचे कित्येक शनिवार वाचतील.